नियम क्रमांक अकरा

“आधी किल्ली, मग चकती.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं, तेव्हा मला वाटलं की हे गृहस्थ फावल्या वेळात घड्याळं दुरुस्त करत असावेत. साहेब म्हणजे वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख. मी तिथे नव्याने लागलेली ट्रेसर, म्हणजे त्यांनी काढलेली ड्रॉइंगं पातळ कागदावर शाईने गिरवणारी. पुढे मला बढती मिळाली, हाताखाली दोन माणसं आली, तरी त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत ‘ट्रेसरबाई’च राहिले.

किल्ली आणि चकती घड्याळाची नव्हती, कॅमेऱ्याची होती. तरुणपणी कारखान्याने साहेबांना नऊ महिने रशियात शिकायला पाठवलं होतं. तिथून ते झॉर्की नावाचा कॅमेरा घेऊन आले आणि उरलेलं आयुष्य त्या कॅमेऱ्याच्या शिस्तीत जगले. “झॉर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा,” असं ते नव्या माणसाला हटकून सांगत. त्या कॅमेऱ्यावर शटरचा वेग ठरवणारी एक छोटी चकती होती. रोल पुढे सरकवायची किल्ली दिल्यानंतरच ती फिरवायची. आधीच फिरवलीत तर आत काहीतरी अडकतं आणि कॅमेरा बिघडतो. वाईट म्हणजे बाहेरून काही कळत नाही. बघायची खिडकी वेगळी असते, तिच्यातून सगळं नीट दिसतं, बटण दाबलं की आवाजही येतो, फक्त आतला पडदा उघडत नाही.

हा नियम साहेबांनी सगळ्या जगाला लावला होता. अर्ज न भरता कोणी रजेवर गेला, मोजमाप न घेता कोणी रेघ मारली, पत्रिका छापून झाल्यावर कोणी हॉल शोधायला निघाला, की साहेब चष्म्यावरून बघत आणि विचारत, “किल्ली दिली होतीत का?”

जानेवारीची पहिली तारीख उजाडली की ते कानांवर पडणारी केसाळ रशियन टोपी घालून ऑफिसात येत. ठाण्याची थंडी ती केवढी! कपाळावरून घाम ओघळायचा, पण पंधरा तारखेपर्यंत टोपी उतरत नसे. चहा बिनदुधाचा, काचेच्या ग्लासात, लिंबाची फोड टाकून. काही सांडलं, फुटलं, बिघडलं की म्हणायचे, “निच्येवो.” म्हणजे काही नाही, चालायचंच. आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा फायली पाडून ‘निच्येवो’ म्हणायला शिकला होता.

पुढे कारखान्यात रशियन इंजिनियर येऊ लागले. छत्र्या, कोल्हापुरी चपला आणि चहापत्ती देऊन साहेबांनी त्यांच्याकडून आणखी कॅमेरे मिळवले. असे एकूण सात झाले. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात ते सात कॅमेरे फडक्यात गुंडाळून सात डब्यांत, तांदळात पुरून ठेवलेले असत, दमट हवा लागू नये म्हणून. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “आमच्याकडे भात टाकायचा तर आधी हात घालून चाचपावं लागतं बाई.”

असा माणूस मला आवडला नसता तरच नवल. माझी जीभ तेव्हाही तिखट होती, ऑफिसात चारजणी मला वचकून असत, पण साहेबांपुढे मी मऊ पडायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या जिभेचा वाटा मोठा आहे.

साहेबांना खरा मित्र एकच होता, हरेश्वर. चेंदणी कोळीवाड्यातला, साहेबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बापाची खाडीत होडी होती. यानं मात्र जाळं सोडून कॅमेरा धरला आणि कळव्याला स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ टाकला. साहेब दर रविवारी त्याच्या डार्करूममध्ये जाऊन बसत. हरेश्वर प्रत्येक फोटोच्या मागे जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा, स्टुडिओचं नाव, खाली कळवा. “ज्याच्या मागं माझा शिक्का नाय, तो फोटो माझा नाय,” असं म्हणायचा. कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या लग्नांत त्याला मागणी होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा साहेबांनी ऑफिसात उभं राहून आहेर जाहीर केला. “ट्रेसरबाईंच्या लग्नाचे फोटो माझ्याकडून. कॅमेरा माझा, हात हरेश्वरचा.”

साहेबांनी आपली झॉर्की दुसऱ्याच्या हातात द्यायची, हा केवढा मान होता ते आम्हालाच ठाऊक. हरेश्वरची त्याच दिवशी दुसरीही एक ऑर्डर होती. तिकडे त्याने स्वतःचा कॅमेरा देऊन धाकट्या भावाला पाठवलं आणि आमच्याकडे तो हात हलवत आला.

लग्न कल्याणला झालं. आमच्यात मुहूर्त नसतो, पण हॉल बारा वाजता रिकामा करायचा होता, त्यामुळे घाई मुहूर्ताइतकीच. साहेब सकाळीच झॉर्की घेऊन हजर होते. माझे मामा हॉलभर सांगत सुटले होते, “रशियाचा कॅमेरा हाताळला मी! साहेबांनी स्वतः फिरवून दाखवला!” बाबा रेल्वेत फिटर. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोट घातला होता, तोही शेजाऱ्यांचा. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या आणि ते सारखे त्या वर ओढत होते. हरेश्वर म्हणाला, “बाबा, हात मागं बांधा. बघा, कसं सायबावाणी दिसताव!” बाबांनी हात मागे बांधले आणि हसले. मग हरेश्वर मला म्हणाला, “बाय, तू बाबांकडं बघ, माझ्याकडं नको.” मी पांढऱ्या साडीत बाबांकडे बघत उभी राहिले आणि बटणाचा आवाज आला.

चौथ्या दिवशी मी माहेरी असताना हरेश्वर घरी आला. दारातच चप्पल काढून उभा राहिला, आत येईना. हातात दोन रोल धुतलेले. त्याने ते उजेडात धरले. काचेसारखे स्वच्छ होते. एकाही चौकोनात काही नाही. बाबांनीही हातात घेऊन बघितले, उलटे करून बघितले, आणि परत दिले.

संध्याकाळी निरोप मिळून साहेब आले, हरेश्वर झॉर्की घेऊन तोवर तिथेच थांबला होता. त्यांनी झॉर्की उघडली, चकती फिरवून पाहिली, कानाशी धरली. मग म्हणाले, “किल्लीच्या आधी चकती फिरली आहे.”

एवढंच. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण कॅमेरा कुणाच्या हातात होता ते सगळ्यांनी पाहिलं होतं. घरातल्या साऱ्यांच्या माना हरेश्वरकडे वळल्या.

“मी नाय फिरवली,” हरेश्वर म्हणाला.

“मग काय आमच्या बाबांनी फिरवली?” मी ओरडले.

बाबा म्हणाले, “जाऊ दे गं.” साहेब खाली बघत कॅमेरा फडक्यात गुंडाळत बसले होते. हरेश्वर थोडा वेळ साहेबांकडे बघत राहिला आणि चपला घालून गेला.

वर्षाच्या आत बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एकच निघाला, रेल्वेच्या पासवरचा. तो मोठा करून घेतला, तेव्हा कानाजवळचा रेल्वेचा शिक्काही मोठा झाला. रोज हार घालताना मला तो शिक्का दिसायचा आणि हरेश्वर आठवायचा. मग मी तोंड सोडलं. ज्या घरात लग्न निघेल तिथे जाऊन सांगायचे, त्याला ऑर्डर देऊ नका. कल्याणच्या हॉलवाल्यांना सांगितलं, डोंबिवलीच्यांना सांगितलं. पोरगी बापाचं दुःख सांगतेय म्हटल्यावर लोक ऐकायचेच. दोन वर्षांत कळव्याचा स्टुडिओ बंद झाला. बातमी कळली तेव्हा मला समाधान वाटलं. खोटं कशाला बोलू?

साहेब त्यानंतर रविवारी कुठे जाईनासे झाले. आम्हाला वाटायचं, मित्राने दगा दिला ते मनाला लागलं.

मध्ये दहा वर्षं गेली. रशियाचा तो मोठा देश मोडल्याची बातमी आली, त्या सकाळी साहेब डिसेंबरातच केसाळ टोपी घालून ऑफिसात आले, ती काढून टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच म्हणाले, “देश गेला. कॅमेरे आहेत. आपण एक स्पर्धा घेऊ.”

येत्या मार्चअखेर ते निवृत्त व्हायचे होते. डोंबिवलीचं घर विकून मुलाकडे बडोद्याला जायचं ठरलं होतं. त्याच्या आधीचा एखादा रविवार, सकाळी सातची वेळ, खडवलीचा नदीकाठ आणि साहेबांच्या डब्यांतले रशियन कॅमेरे. स्पर्धक पाच. मी, हिशेबखात्यातले पाटणकर आणि ऑफिसातले आणखी दोघं.

“आणि पाचवा?” मी विचारलं.

“नंतर लिहू,” साहेब म्हणाले.

स्पर्धा कसली, तर ‘मैत्रीपूर्ण छायाचित्रण स्पर्धा’. बक्षीस नाही, मग नियम तरी किती असावेत? साहेबांनी बारा लिहिले. फोटो प्रत्येकी बाराच काढायचे. उजेड मोजायचं यंत्र वापरायचं नाही, आपल्या तळहाताच्या सावलीवरून अंदाज घ्यायचा. सूर्यास्त, साधू आणि टोपलीवाली म्हातारी यांचे फोटो काढू नयेत, ते आधीच पुरेसे निघालेले आहेत. बटण दाबल्यावर स्वतःच ‘वा’ म्हणू नये. भिंगावरचं झाकण न काढता फोटो घेणाऱ्याने सर्वांना वडे द्यावेत. पाटणकर म्हणाले, “साहेब, हे स्पर्धेचे नियम आहेत की तुरुंगाचे?” नियम क्रमांक अकराच्या पुढे मात्र जागा कोरी होती.

कागद माझ्या हातात देऊन साहेब म्हणाले, “पाच प्रती काढून आणा. खोपटहून.”

 खोपटला एसटी डेपोसमोर हरेश्वरचं झेरॉक्सचं दुकान होतं. मी तो रस्ताच टाळायचे.

“आपल्या गेटसमोर झेरॉक्स आहे की.”

“खोपटला चांगली निघते.”

“खोपटला कोण बसतो ते तुम्हाला माहीत आहे, साहेब.”

“माहीत आहे,” ते पेन्सिलीला टोक काढत म्हणाले. “पाच प्रती.”

दुकान म्हणजे एका माणसाला वळता येईल एवढी जागा होती. हरेश्वरचे केस कानांवर पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं. माझ्या लग्नात ‘बाय’ म्हणणारा माणूस म्हणाला, “किती कॉप्या, मॅडम?”

मी पाच बोटं दाखवली. त्याने कागद काचेवर ठेवण्याआधी वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. मग प्रती काढल्या, मोजून दिल्या. मी पायरी उतरले तेव्हा मागून म्हणाला, “सायबांना सांगा, सात ही टाइम चुकीची हाय. थंडीत खडवलीला आठपत्तर नदीवर धुकं असतं. काय दिसायचं नाय.”

मी हे साहेबांना सांगितलं, तसं त्यांनी लगेच सात खोडून साडेआठ केलं. “नव्या पाच प्रती,” म्हणाले. “खोपटहून.”

त्यानंतर दोन महिने हेच चाललं. साहेब एखादा नियम बदलत, मी प्रती काढायला जाई, हरेश्वर वाचून पेन्सिलीने समासात काहीतरी लिही, आणि तो कागद पाहून साहेब पुन्हा नियम बदलत. एकाने सोळाव्या मिनिटाला रोल गुंडाळावा म्हणायचं, दुसऱ्याने विसाव्या. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते आणि निरोप्या व्हायची वेळ माझ्यावर आली होती, जिने एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला बुडवलं होतं. दर खेपेला मी दुकानाच्या पायरीवर उभी राहायचे. तो आज काही बोलेल, आज तरी मला शिव्या घालेल, असं वाटायचं. तो फक्त विचारायचा, “किती?”

एकदा मात्र झाकणाचा आणि वड्यांचा नियम वाचून त्याला हसू फुटलं. लगेच गिळलं त्याने ते. मग बोट ठेवून म्हणाला, “अकरावा कोरा का हाय?”

“राहून गेला असेल.”

“सायबांचं काय राहून जात नाय.” त्याने मशीनचं झाकण लावलं. उजेडाची पट्टी इकडून तिकडे गेली.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “तो जागेवर सांगायचा आहे.” आणि ग्लासातला लिंबू चमच्याने उगाच दाबत बसले.

फेब्रुवारीच्या शेवटी आलेल्या कागदावर पाचवं नाव होतं. श्री. हरेश्वर, छायाचित्रकार, कळवा. मला आधी रागच आला. मग वाटलं, साहेबांचं मन मोठं. दहा वर्षांनी ते चूक पोटात घालायला निघालेत, तर आपण आडवं का यावं? मी खोपटला गेले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. तो पुष्कळ वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली.

“छायाचित्रकार,” तो हळूच म्हणाला. “येन मी. पन मना झॉर्कीच पायजे. तीच.”

हे ऐकल्यावर साहेबांचा हात लागून चहाचा ग्लास ड्रॉइंगवर लवंडला. ते ‘निच्येवो’ म्हणाले नाहीत. रुमालाने चहा टिपत राहिले, ड्रॉइंग फाटेपर्यंत.

“स्पर्धा रद्द करू,” शेवटी म्हणाले. “थंडी सरली. आता उजेड कडक पडतो.”

मग माझा तोल गेला. साहेबांवर मी पहिल्यांदा आवाज चढवला. “दोन महिने मला त्या पायरीवर उभं केलंत तुम्ही. दहा वर्षं तुमची बाजू घेऊन मी गावभर भांडले. तो येतो म्हणतोय आणि तुम्ही माघार घेता? आधी किल्ली, मग चकती, असं आम्हाला शिकवता ना?”

“ट्रेसरबाई,” साहेब म्हणाले, “तुम्ही माझी बाजू घेऊ नका.”

मला तो विनय वाटला. तारीख मात्र कायम राहिली.

खडवलीला आम्ही आठच्या सुमारास पोचलो. धुकं खरंच होतं, पाण्यावर हातभर. साहेबांनी मार्च असूनही केसाळ टोपी घातली होती. पाटणकर थट्टा करायला गेले आणि साहेबांचा चेहरा बघून थांबले. हरेश्वर आधीच येऊन एका खडकावर बसला होता. पांढरा स्वच्छ शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. दहा वर्षांनी दोघं समोरासमोर आले आणि कोणी कोणाला नमस्कारही केला नाही.

साहेबांनी पिशवीतून एकेक कॅमेरा काढून वाटला. फडक्यांतून तांदळाचे दाणे वाळूत पडत होते. शेवटी झॉर्की. दुरुस्त करून घेतलेली, पुसून लख्ख केलेली. हरेश्वरने ती दोन्ही हातांत घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आधी किल्ली.” किल्ली दिली. “मंग चकती.” चकती फिरवली आणि साहेबांकडे बघितलं.  वाटलं, आता हा भांडण काढणार.

साहेबांनी नियमांचा कागद उघडला आणि वाचायला लागले. एक, दोन, तीन. ऑफिसात वाचत तसेच खणखणीत. दहाव्यानंतर ते थांबले. टोपी काढून काखेत धरली. कागदावर कोऱ्या जागेत आता त्यांच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

“नियम क्रमांक अकरा. किल्ली दिल्याशिवाय चकती फिरवू नये. झॉर्कीच्या बाबतीत हा नियम एकदाच मोडला गेला. कल्याणच्या लग्नात, सकाळी, विधी सुरू होण्याआधी. मुलीच्या मामांना कॅमेरा दाखवताना मोठेपणाच्या भरात मी चकती फिरवली. हाताला कचकन लागलं. माणसं बघत होती म्हणून मी बोललो नाही. तोच कॅमेरा हरेश्वरच्या हातात दिला. त्याची चूक नव्हती. त्यानंतरही मी बोललो नाही.”

यातच कधीतरी बटणाचा आवाज झाला होता. हरेश्वरने झॉर्की डोळ्यावरून खाली घेतली.

मला मामा आठवले. ‘साहेबांनी स्वतः फिरवून दाखवला!’ मामा हॉलभर ओरडून सांगत होते आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं होतं. दहा वर्षं ते वाक्य माझ्याजवळ होतं. मी कधी उघडून बघितलंच नाही, कारण मला दोषी सापडलेला होता.

“मंग दहा वरसं?” हरेश्वर म्हणाला.

साहेबांनी कागदाची घडी घातली.  ते म्हणाले, “ही झॉर्की तू ठेव. तुझी आहे आता.”

“मना तुमचा कॅमेरा नको,” हरेश्वर म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “माझा स्टुडिओ गेला. बापाच्या होडीवर परत जायची लाज वाटली म्हणून मशीन घेऊन बसलू. बायको मच्छी इकत होती तवा मी घरात तोंड लपवून होतो. मना माझं नाव पायजे, सायब.” त्याने झॉर्की खडकावर ठेवली आणि तो नदीकडे चालू लागला.

स्पर्धा तिथेच संपली. पाटणकर आणि बाकीचे दोघं कॅमेरे हातात धरून शाळेतल्या मुलांसारखे उभे होते. मी हरेश्वरच्या मागे गेले. तो पाण्याच्या कडेला उकिडवा बसला होता. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे जे सुचलं ते बोलले. “मी सगळीकडे बोलत फिरले. हॉलवाल्यांना मीच सांगितलं.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “लोक मना सांगायचे ना, कोन बोललं ते.”

“माझं चुकलं.”

मला वाटलं, तो म्हणेल की जाऊ द्या, तुमचा बाप गेला होता. तो तसं म्हणाला नाही. “ज्या दारांत बोललात, त्याच दारांत जाऊन सांगा,” म्हणाला. “बस. मना दुसरं काय नको.”

साहेब आमच्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी गुडघ्यावर कागद धरून नियम अकराच्या खाली सही केली. तारीख घातली. “किती प्रती लागतील, ट्रेसरबाई?”

मी बोटं मोजली. पुरेनात.

निवृत्तीला तेव्हा पंधरा दिवस उरले होते. त्या पंधरा दिवसांत, ऑफिस सुटल्यावर, आम्ही दोघं दारोदार फिरलो. कल्याणचे हॉल, डोंबिवलीचे हॉल, कळव्याच्या चाळी, ज्यांच्या घरी मी तेव्हा चहा पिऊन विष ओकले होते ती घरं. घरी वहिनी सामान बांधत होत्या आणि हे गृहस्थ काखेत कागद घेऊन पायऱ्या चढत होते. प्रत्येक दारात मी सुरुवात करायची आणि साहेबांनी पुरं करायचं. “तो कॅमेरा मी बिघडवला. हरेश्वरने नाही.”

मला भीती होती ती लोक आम्हाला फाडून खातील याची. तसं कोणी केलं नाही. डोंबिवलीच्या एका हॉलचा मॅनेजर कागद उलटसुलट करून म्हणाला, “बरं. पण हा हरेश्वर कोण?”

साहेब तिथल्या बाकावर बसले. दहा वर्षांत लोक नावं ठेवायचंही विसरले होते आणि नावही विसरले होते. पुढच्या दारापासून आम्हाला आधी तो कोण होता ते सांगावं लागलं, किती चांगले फोटो काढायचा ते सांगावं लागलं, आणि मग त्याने काय केलं नव्हतं ते. साहेब हे सांगताना इतका वेळ लावत की चहा गार होई. त्याने एका आजीचा तोंडभर हसू असलेला फोटो कसा काढला होता, डार्करूममध्ये कागदावर चेहरा उमटताना तो कसा श्वास धरून उभा राहायचा, सगळं सांगत. मित्राचं इतकं कौतुक मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा भयंकर राग येत होता आणि त्यांच्या चपला जिन्यात सरळ करून ठेवायलाही मीच वाकत होते.

साहेब मार्चअखेर बडोद्याला गेले. जायच्या आदल्या दिवशी खोपटला गेले होते, असं नंतर कळलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. काही वर्षांनी ते तिकडेच वारले.

ते बडोद्याला गेल्यावर महिनाभराने मी ऑफिसच्या कामाचे कागद घेऊन खोपटच्या दुकानात गेले. हरेश्वर एका बाईला बारशाच्या ऑर्डरची तारीख लिहून देत होता. भिंतीवर, मशीनच्या वर, नियमांचा कागद काचेत घालून लावला होता. ती बाई गेल्यावर त्याने खणातून एक पाकीट काढलं, पाठ फिरवून त्यातल्या फोटोशी काहीतरी खटपट केली आणि तो पाकिटासकट माझ्या हातात दिला.

“खडवलीचा हाय,” म्हणाला. “एकच काढला मी.”

फोटोत साहेब होते. टोपी काखेत, कागद छातीशी, मागे धुकं. तोंड अर्धवट उघडं. ‘मी चकती फिरवली’ म्हणतानाचा क्षण असावा तो. दहा वर्षं लपवलेलं ओझं उतरवतानाचा माणसाचा चेहरा कसा असतो, ते मी त्या फोटोत पाहिलं. म्हातारा झालेला, घाबरलेला आणि पहिल्यांदाच खरा.

माझ्या लग्नासाठी आणलेला अल्बम मी दहा वर्षं टाकून दिला नव्हता. काळी जाड पानं, कोपरे चिकटवायला तयार. त्याच्या पहिल्या पानावर मी हा फोटो लावला. माझ्या लग्नाच्या अल्बमात तेवढा एकच फोटो आहे, आणि त्यात मी नाही, नवरा नाही, बाबा नाहीत.

पण तो चिकटवताना मी एकच कोपरा चिकटवला, म्हणजे उलटून बघता येईल. दुकानात मी तो फोटो पाकिटात परत घालायला लागले, तेव्हा हरेश्वरने माझा हात धरून थांबवला होता.

“मागं बघ, बाय,” म्हणाला.

मागे जांभळ्या शाईचा शिक्का होता. स्टुडिओचं नाव, खाली कळवा. शाई अजून ओली होती.